छपरावरचं शेवाळ: कोणतं औषध घ्यावं, कोणता पंप, आणि काम कोणाला द्यावं

छप्पर साफ करण्याच्या मालावर 'फवारा, धुवा, काम झालं' असं छापलेलं असेल तर दोनदा विचार करावा. शेवाळ मारणं हे एक काम आहे आणि मेलेलं शेवाळ काढणं हे दुसरं. त्या दोहोंमध्ये कधी वीस मिनिटं जातात, कधी तीन महिने. दोन्ही एकाच दुपारी उरकण्याचं वचन देणारं औषध, यंत्र किंवा कंत्राटदार बहुतेक वेळा शेवाळाबरोबर छपराचा वरचा थरही खरवडून काढतो. पुढची पारख याच कसोटीवर केली आहे.

खरेदीआधी वर नक्की काय वाढलं आहे ते बघावं, कारण सगळ्याला एक औषध चालत नाही. डांबरी शिंगलवर (म्हणजे खनिज दाणे चिकटवलेल्या, एकावर एक बसवायच्या डांबरी पट्ट्यांच्या छपरावर) आढ्यापासून खाली उतरणारे काळे ओघळ दिसतात, ते बहुधा ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाच्या सायनोबॅक्टेरियाचे, म्हणजे उजेडावर वाढणाऱ्या जिवाणूंचे असतात. शिंगलमध्ये भर म्हणून घातलेल्या चुनखडीच्या भुकटीवर तो पोसला जातो आणि उन्हापासून बचाव म्हणून काळं आवरण चढवतो. हिरवा, बुळबुळीत पातळ थर म्हणजे साधं शेवाळ. गुबगुबीत, दाट आणि पाणी धरून ठेवणारं ते मॉस. त्याला खरी मुळं नसतात, पण त्याचे बारीक तंतू कौलांच्या सांध्यात शिरतात, धूळ धरतात आणि हळूहळू कौलाची किंवा शिंगलची कड वर उचलतात. मग पाऊस त्या फटीतून आत येतो. करड्या, पिवळट किंवा पांढुरक्या गोल चकत्या म्हणजे दगडफूल. बुरशी आणि शैवाल यांची ती जोडी पृष्ठभागात रुतून बसते आणि मेल्यावरही डाग ठेवून जाते.

ओळख पटत नसेल तर एक सोपी चाचणी आहे. डागावर घरगुती ब्लीचचे चार थेंब टाका. पाच-दहा मिनिटांत डाग फिका पडला तर तो सजीवांचा आहे. जसाच्या तसा राहिला तर काजळी, गंज किंवा सिमेंटमधून बाहेर आलेला पांढरा क्षार असू शकतो, आणि मग इथल्या कुठल्याच औषधाचा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट औषधाच्या आधी. सिमेंटचे जुने पन्हळी पत्रे असतील आणि ते कधीचे आहेत याचा कागद हाताशी नसेल, तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. त्यांना कोरडा ब्रश, खरवडणी, प्रेशर वॉशर यांपैकी काहीही लावू नये. पृष्ठभाग झिजला की तंतू सुटतात, आणि ते श्वासातून फुप्फुसात जातात. या पत्र्यांवर पायही ठेवू नये, कारण जुना सिमेंटचा पत्रा वजनाखाली सूचना न देता फुटतो. खिळ्यांच्या किंवा हुकांच्या ओळीवरून चाललं तर सुरक्षित असतं हा समज जिवावर बेतणारा आहे. मध्येच बसवलेले उजेडाचे प्लास्टिक पत्रे तर शेवाळाखाली ओळखूही येत नाहीत.

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट

काळ्या ओघळांवर याच्या तोडीचं दुसरं काही नाही. अमेरिकेतल्या डांबरी छप्पर उत्पादकांच्या संघटनेची शिफारसही हीच आहे: कपडे धुण्याचं द्रव ब्लीच आणि पाणी निम्मं-निम्मं, फवारल्यावर १५ ते २० मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही आणि कमी दाबाच्या पाण्याने भरपूर धुवायचं. घरगुती ब्लीच साधारण ५ ते ६ टक्क्यांचं असतं, म्हणजे छपरावर पोचणारं मिश्रण अडीच-तीन टक्क्यांचं झालं. पोहण्याच्या तलावासाठी मिळणारं लिक्विड क्लोरिन म्हणजे हेच द्रव्य, पण १० ते १२.५ टक्क्यांचं. ते घेतलं तर पाण्याचं प्रमाण बदलतं.

हिशेब असा: कॅनमधल्या तीव्रतेला हव्या असलेल्या तीव्रतेने भागा आणि उत्तरातून एक वजा करा. एका भागाला तितके भाग पाणी. १२ टक्क्यांपासून ३ टक्के हवे असतील तर १२ भागिले ३ म्हणजे ४, वजा १ म्हणजे ३. ५ लिटर क्लोरिनला १५ लिटर पाणी, एकूण २० लिटर. पण हा हिशेब कॅनवर छापलेला आकडा खरा असेल तरच जुळतो. हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने आपोआप विघटित होतं, आणि उन्हात पडलेला कॅन दोन-तीन महिन्यांत निम्म्यावर येऊ शकतो. 'औषध लागूच पडलं नाही' या तक्रारीचं सर्वांत नेहमीचं कारण हेच असतं. म्हणून उत्पादनाची तारीख बघून घ्यावं, सावलीत ठेवावं, आणि मागच्या हंगामातला उरलेला कॅन छपरासाठी धरू नये. झाकणाला वायू सुटायला छिद्र असतं. तेही बंद करू नये.

उतारावर साधं मिश्रण थेंबाथेंबाने घरंगळून पन्हळीत जातं. त्याला धरून ठेवायला थोडा साबण लागतो. दहा लिटरला ३० ते ५० मिलिलिटर पुरतो. तो साबण ब्लीचबरोबर चालणारा, अमोनिया नसलेला आहे याची लेबलवर खात्री करावी. ब्लीचमध्ये अमोनिया गेला तर क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो. आम्ल गेलं तर थेट क्लोरिन वायू सुटतो, मग ते संडास धुण्याचं द्रव असो, व्हिनेगर असो की क्षार काढायचं अ‍ॅसिड. एकाच बादलीत आळीपाळीने दोन औषधं कालवण्याची सवय इथे महागात पडते.

किती लागेल? हिरव्या-काळ्या थराला लिटरभर मिश्रण ३ ते ४ चौरस मीटरला पुरतं, मॉसला जवळपास दुप्पट लागतं. छपराचं क्षेत्रफळ काढायला वर चढावं लागत नाही. घराची जमिनीवरची लांबी गुणिले रुंदी (छज्जे धरून) करा. उतार ३० अंशांचा असेल तर १.१५ ने, ४५ अंशांचा असेल तर १.४१ ने गुणा.

दिवस ढगाळ, कोरडा आणि बिनवाऱ्याचा निवडावा. कडक उन्हात मिश्रण पाच मिनिटांत वाळतं, आणि वाळल्यावर त्याचं काम थांबून मागे मिठाचा पापुद्रा राहतो. तसं होताना दिसलं तर पुन्हा हलका फवारा मारून ओलं ठेवायचं. शिडीकडची बाजू शेवटी फवारायची, नाहीतर उतरायची वाट निसरडी होते. ब्लीच लागलेलं शेवाळ आधीपेक्षा जास्त बुळबुळीत होतं, आणि लोक घसरतात ते बहुतेक याच वेळी. धुताना मात्र आढ्यापासून खाली यायचं.

आता दोष. मॉसवर ब्लीचचा निकाल दिसतो तितका खरा नसतो. वरचा भाग वीस मिनिटांत पांढरा पडतो, पण दाट गादीच्या पोटातला भाग जिवंत राहतो आणि पुढच्या ओल्या मोसमात पुन्हा हिरवा होतो. मॉस जाड असेल तर सुटणारा भाग आधी हाताने उचलून काढावा आणि औषध दोनदा मारावं. दगडफूल मरतं, पण लगेच निघत नाही. त्या चकत्या काही आठवडे ते काही महिन्यांत पावसाने आपसूक सुटतात. त्या त्याच दिवशी खरवडल्या तर शिंगलचे दाणे किंवा कौलाचा पापुद्रा सोबत येतो.

धातूंशी ब्लीचचं जमत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळी, जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे, तांब्याच्या पट्ट्या, उघडे खिळे या सगळ्यांना ते खातं. अशा छपरावर ब्लीच वापरायचंच असेल तर पन्हळीत सतत पाणी सोडून ठेवावं आणि शेवटचं धुणं दुप्पट वेळ करावं. सौर पॅनेल असतील तर त्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटींवर आणि जोडण्यांवर फवारा जाऊ देऊ नये. झाडांसाठी प्लास्टिकपेक्षा पाणी बरं. फवारण्याआधी पानं आणि माती पूर्ण भिजवावी, मध्ये एकदा भिजवावी, शेवटी पुन्हा धुवावी. आधीच पाणी प्यायलेलं झाड क्लोरिनचं पाणी कमी ओढतं. प्लास्टिक टाकलंच तर फवारणी संपताच काढावं, नाहीतर झाड त्याखाली उकडून मरतं. सगळ्यात तीव्र पाणी जिथे पडतं ती जागा म्हणजे पन्हळीच्या उतरत्या नळाचं तोंड, आणि तिथलंच झाड लोक विसरतात. पावसाचं पाणी साठवणाऱ्या टाकीची जोडणी काम सुरू होण्याआधी तोडावी आणि छप्पर धुऊन एक-दोन चांगले पाऊस होईपर्यंत जोडू नये.

आमचं मत: डांबरी शिंगल आणि काळे ओघळ असतील तर पहिली पसंती. मॉसला कामचलाऊ. धातूच्या छपराला नको.

बेन्झाल्कोनियम क्लोराइड

'फवारा आणि सोडून द्या' किंवा 'धुवायची गरज नाही' अशा नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक मालात हेच असतं. विकणारे त्याची चमत्कारासारखी जाहिरात करतात आणि घेणारे आठवड्यात काही दिसलं नाही म्हणून शिव्या घालतात. औषध मुळातच सावकाश चालणारं आहे. पेशींचं आवरण फोडून ते मारतं, पण रंग उडवत नाही. त्यामुळे मेलेलं शेवाळ काही काळ तसंच दिसत राहतं. हिरवा थर काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत जातो. मॉस काही आठवड्यांत तपकिरी होऊन कोरडं पडतं. दगडफुलाला कित्येक महिने लागतात. काढण्याचं काम ऊन, वारा आणि पाऊस करतात, आणि छपराच्या तब्येतीला हेच सर्वांत मानवतं.

५० टक्क्यांचं सांद्र द्रावण मिळतं. छपरासाठी १ ते २.५ टक्के हवं. १ लिटरला २४ लिटर पाणी घातलं की २ टक्क्यांचं २५ लिटर मिश्रण होतं, आणि लिटरला ४ चौरस मीटर धरले तर ते १०० चौरस मीटरला पुरतं. लेबलवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर लेबल पाळावं, कारण १० टक्क्यांचं पातळ द्रावणही त्याच आकाराच्या कॅनमध्ये विकलं जातं. तुलना करताना कॅनचे लिटर मोजण्यापेक्षा आतल्या सक्रिय द्रव्याचे ग्रॅम मोजावेत. 'तयार, थेट फवारा' या मालात बहुतांश पाणीच असतं.

हे औषध कोरड्या छपरावर मारायचं. मॉस पाण्याने तुडुंब भरलेलं असेल तर औषध आत शिरायला जागाच नसते. मारल्यानंतर शक्यतो २४ तास पाऊस नको. फार जाड मॉस आधी लाकडी किंवा प्लास्टिकच्या उलथण्याने हलकेच काढून घ्यावं. साबणाची भर इथे घालू नये. भांडी-कपड्यांचे नेहमीचे साबण ऋणभारित असतात आणि हे द्रव्य धनभारित असल्याने दोन्ही एकमेकांना निकामी करतात. आधी साबणाने धुतलेलं छप्पर नीट खंगाळलं नसेल तरी हाच प्रकार होतो. पंपातही मागच्या कामाचा साबण राहता कामा नये.

उणी बाजू लहान नाही. मासे आणि पाण्यातल्या बारीक जिवांना हे फार विषारी आहे. तळं, विहीर, ओढा छपराच्या पाण्याच्या वाटेत असेल तर हा माल घेऊ नये. ते पृष्ठभागावर टिकून राहतं, म्हणून टाकीची जोडणी ब्लीचपेक्षा जास्त काळ तोडून ठेवावी लागते. ५० टक्क्यांचं द्रावण कातडी आणि डोळे भाजतं. कालवताना गॉगल घातल्याशिवाय झाकण उघडू नये. काळ्या ओघळांवर याचा दृश्य परिणाम कमकुवत आहे. तिथे पैसे घालवू नयेत.

अशी द्रव्यं विकायला नियमही आहेत. युरोपीय संघात ती जैवनाशक द्रव्यांच्या ५२८/२०१२ क्रमांकाच्या नियमावलीत येतात, आणि अमेरिकेत शेवाळ मारण्याचा दावा करणाऱ्या मालावर तिथल्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेचा (ईपीए) नोंदणी क्रमांक लागतो. सक्रिय द्रव्याचं नाव, टक्केवारी आणि नोंदणी यांपैकी काहीच लेबलवर नसेल तर दुकानदार कितीही छातीठोकपणे सांगत असला तरी तो कॅन परत ठेवावा.

आमचं मत: कौलं, सिमेंटचे पत्रे, रंगीत धातूचे पत्रे आणि मॉस यांसाठी सर्वांत शहाणी निवड. घाई असणाऱ्यांसाठी नाही.

बाकीची औषधं

सोडियम परकार्बोनेट, म्हणजे 'ऑक्सिजन ब्लीच', ही पांढरी पूड आहे. पाण्यात विरघळली की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. लिटरला १०० ग्रॅम घेतले तर साधारण ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड मिळतं. कोमट पाणी घ्यावं, गार पाण्यात ती नीट विरघळत नाही. कालवलेलं त्याच दिवशी वापरून टाकावं. उरलेलं बंद बाटलीत किंवा दाब धरलेल्या पंपात ठेवू नये. वायू सुटत राहतो आणि भांडं फुटतं. अर्धा तास ओलं ठेवून मऊ ब्रशने घासावं लागतं आणि नंतर धुवावं लागतं. झाडांना हे बरंच सौम्य, वास नाही. पण घासायचं म्हणजे छपरावर जायचं किंवा लांब दांडा वापरायचा, आणि शिंगलवर घासायचं म्हणजे दाणे घालवायचे. सपाट गच्ची, लाकूड, खाली हात पोचेल असं ओसरीचं छप्पर यांना ठीक.

मोरचूद शेवाळ मारतो, यात शंका नाही. पण तो निळे-हिरवे डाग सोडतो, लोखंड आणि जस्ताच्या मुलाम्यावर तांबं बसवून गंज वाढवतो, आणि माशांना घातक आहे. पत्र्याच्या छपरावर वर्ज्य. मिठाचं (हायड्रोक्लोरिक), गंधकाचं किंवा कुठलंही अ‍ॅसिड तर छपराच्या जवळही नेऊ नये. ते सिमेंट आणि कौलाचा पृष्ठभाग खातं. पृष्ठभाग खडबडीत झाला की पुढचं शेवाळ आणखी लवकर धरतं.

सपाट स्लॅबला कठडा असेल आणि वर जलरोधक थर नसेल तर काम सोपं आहे. १२ टक्क्यांच्या क्लोरिनला सातपट पाणी घालून दीड टक्क्याचं मिश्रण करावं, १५ मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशने घासावं आणि भरपूर धुवावं. धुण्यात कंजुषी केली तर क्लोराइड भेगांतून आतल्या सळयांपर्यंत जातं. जलरोधक थर असेल तर आधी त्याच्या उत्पादकाची सूचना बघावी. आणि तिथे पाणी साचतं म्हणून शेवाळ येत असेल, तर उतार दुरुस्त केल्याशिवाय कुठल्याही औषधाचा गुण टिकणार नाही.

पंप आणि नळ्या

औषधाइतकाच फरक पंपाने पडतो, पण लोक इथे काटकसर करतात. हाताने दाब भरायचा ५ ते ८ लिटरचा पंप ओसरीला पुरतो. घराला पाठीवरचा १५-१६ लिटरचा घ्यावा, पण तो पाठीवर बांधून शिडी चढू नये. १६ किलोंचं डुचमळणारं ओझं माणसाचा तोल मागे ओढतं. पंप खाली ठेवून लांब नळी आणि लांब दांडी वर न्यावी. मोठ्या छपराला १२ व्होल्टचा डायफ्राम पंप सर्वांत सोयीचा. ४ ते ७ बार दाब देतो, टाकी जमिनीवर राहते आणि वर फक्त नळी जाते.

घेताना वॉशर आणि सील कशाचे आहेत हे विचारावं. क्लोरिनला व्हिटॉन किंवा ईपीडीएम हे रबराचे प्रकार टिकतात. साधं नायट्राइल रबर फुगतं, कडक होतं आणि पंप दोन-चार वापरांत गळायला लागतो. पितळी नोझल आणि जोड हिरवे पडून अडतात. प्लास्टिकचे घ्यावेत. स्टेनलेस स्टीललाही ब्लीच खड्डे पाडतं. काम संपल्यावर टाकी रिकामी करून स्वच्छ पाणी दोन-तीन मिनिटं नळीतून सोडलं तर पंपाचं आयुष्य कितीतरी वाढतं. या एका टाळाटाळीमुळे जितके पंप मरतात तितके वापराने मरत नाहीत. नोझल पंख्यासारखा पट्टा पाडणारं, जाड थेंबांचं असावं. धुक्यासारखा बारीक फवारा वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या गाडीवर आणि तुमच्या डोळ्यांत जातो.

तोंडाला बांधायचा धुळीचा मास्क क्लोरिन अडवत नाही. बाजूला क्लोरिनसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क, सर्व बाजूंनी बंद गॉगल, रबर किंवा पीव्हीसीचे लांब हातमोजे आणि मऊ रबरी तळाचे बूट, इतकं तरी हवंच.

प्रेशर वॉशर

उतरत्या छपरासाठी नाही, हे स्पष्टच सांगायला हवं. बागेच्या नळीचा दाब ३-४ बार असतो, घरगुती प्रेशर वॉशरचा १०० बारच्या पुढे जातो. शिंगलचे खनिज दाणे, म्हणजे उन्हापासून डांबराला वाचवणारं कवच, त्या फटक्यात पन्हळीत वाहून जातं. सिमेंटच्या कौलांवरचा रंगाचा थर उडतो. मातीच्या जुन्या कौलांचे पापुद्रे निघतात. वाईट भाग असा की, छप्पर वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी रचलेलं असतं. खालून वर मारलेला झोत कौलांच्या जोडाखालून थेट रिपांवर आणि छताच्या आतल्या थरावर जातो. ओल दिसते ती कित्येक दिवसांनी, आणि तोवर धुणारा पैसे घेऊन गेलेला असतो. पंख्याचं नोझल लावून लांबून मारलं तर चालतं, असं विक्रेते म्हणतात. ते अंतर शेवटपर्यंत पाळणारा हात दुर्मीळ. अंगणातल्या फरशीला हे यंत्र उत्तम आहे.

शिडी, दोर आणि वर जाण्याचा प्रश्न

छपरावर न चढता जितकं होईल तितकं करावं, आणि औषधानेच शेवाळ मारायचं असेल तर बरंचसं होतं. जमिनीवरून किंवा शिडीवरून लांब दांडीने फवारणी हा या सगळ्या खरेदीतला सर्वांत किफायतशीर भाग आहे. दांडी फायबरग्लासची घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमची ओली दांडी विजेच्या तारेजवळ नेणं म्हणजे मृत्यूला बोलावणं. तारांपासून किमान ३ मीटर लांब राहावं.

शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या चौथ्या भागाइतका दूर असावा: ४ मीटर उंचीला १ मीटर. वरचं टोक टेकण्याच्या जागेच्या किमान १ मीटर वर निघालेलं असावं आणि दोन्ही बाजूंनी बांधलेलं असावं. प्लास्टिकच्या पन्हळीला शिडी टेकवू नये. ती सरकते किंवा तुटते. भिंतीला टेकणारा लोखंडी आधार वेगळा मिळतो, तो शिडीबरोबरच घ्यावा.

वर जायचंच असेल तर पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. फक्त कमरेचा पट्टा पडताना कणा आणि पोट जखमी करतो. पण हार्नेसपेक्षा तो कशाला बांधला आहे हे महत्त्वाचं. चिमणी, पाण्याचा पाइप, डिश अँटेना यांना बांधलेला दोर म्हणजे नुसता देखावा. अमेरिकी नियमांत एका माणसामागे आधाराची ताकद ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २२ किलोन्यूटन असावी लागते. त्यावरून किती भक्कम आधार लागतो याचा अंदाज येईल. तो आढ्याच्या लाकडाला किंवा लोखंडाला पक्का बसवलेला असावा, दोरात ढील कमी असावी, आणि खाली दुसरा माणूस असावा. लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत उतरवावं लागतं.

सिमेंटच्या कौलांवर पाय द्यायचा तर खालच्या तिसऱ्या भागात, जिथे दोन कौलं एकावर एक येतात. मातीच्या जुन्या कौलांवर आणि पातळ दगडी पाट्यांवर अजिबात नाही. तिथे आढ्याला अडकवायची छपरी शिडी घ्यावी. ब्रश नेहमी वरून खाली. उलटा मारला तर कड उचलली जाते आणि कचरा जोडात जातो. तारेचा ब्रश कुठल्याच छपराला नको. पत्र्यावर तो ओरखडे पाडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

तांब्या-जस्ताच्या पट्ट्या

आढ्याखाली बसवायच्या या पट्ट्या चालतात, पण जाहिरातीइतक्या नाही. पावसाबरोबर धातूचे आयन खाली उतरतात आणि शेवाळ धरू देत नाहीत. गॅल्व्हनाइझ्ड पत्र्याच्या झालरीखाली छप्पर स्वच्छ राहिलेलं अनेक घरांवर दिसतं, त्यामागे हेच कारण आहे. परिणाम ४-५ मीटरपर्यंत टिकतो, पुढे विरतो. लांब उताराला मध्ये दुसरी पट्टी लागते. पट्टीचा ५-६ सेंटिमीटर भाग उघडा राहिला पाहिजे. आधीच वाढलेलं शेवाळ ती काढत नाही, म्हणून छप्पर साफ झाल्यावरच बसवावी. तांब्याची पट्टी जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर नको. तिच्यावरून उतरणारं पाणी खालचा पत्रा कुरतडतं. फांद्या छाटून छपरावर ऊन येऊ देणं आणि पन्हळी साफ ठेवणं यांचा उपयोग याहून जास्त होतो, आणि खर्च कमी.

धुऊन देणाऱ्या सेवा

कंत्राटदाराला पहिला प्रश्न: कोणतं द्रव्य, छपरावर किती टक्के, किती मिनिटं? 'आमचं खास मिश्रण' एवढंच उत्तर आलं तर पुढे बोलू नये. दुसरा: किती बार दाबाने धुणार? तिसरा: पन्हळीतून उतरणारं पाणी कुठे जाणार आणि झाडांचं काय करणार? चौथा: वर चढणाऱ्या माणसांचा विमा आहे का, आणि दोर कशाला बांधणार? चांगली माणसं हे सगळं न विचारता सांगतात, आणि आधी छप्पर बघून फुटकी कौलं, सुटलेले खिळे, उखडलेला जोड यांचे फोटो काढून देतात. त्याने पुढचा वाद टळतो. दाट मॉस असलेल्या छपराला 'एका दिवसात कोरं' म्हणणारा एकतर ते खरवडणार किंवा जोरात धुणार. मॉससाठी प्रामाणिक दरपत्रकात दोन फेऱ्या असतात: एक मारण्याची आणि काही आठवड्यांनी एक काढण्याची.

स्वच्छ झालेल्या छपरावर 'संरक्षक लेप' मारून देण्याचा आग्रह जवळपास ठरलेला असतो. कौलं आणि शिंगल यांना ओल बाहेर सोडावी लागते. पृष्ठभाग बंद करणारा लेप ती आत कोंडतो आणि काही वर्षांत सोलून निघतो. छपराच्या उत्पादकाची लेखी संमती दाखवल्याशिवाय हे काम देऊ नये. उलट, प्रेशर वॉशरने धुतल्यास छपराची हमी रद्द होईल असं उत्पादकाच्या कागदात लिहिलं आहे का, तेही तपासून घ्यावं.

हमीचा कागद नीट वाचावा. पुन्हा शेवाळ आलं तर फुकट फवारणी, एवढंच त्यात असेल तर ठीक. 'पाच वर्षं शेवाळ येणारच नाही' असं असेल तर त्या कंपनीचं वय आधी विचारा. शेवटचा हप्ता छप्पर वाळल्यावर द्यावा, ओलं असताना नाही, कारण ओलं छप्पर सगळीकडे सारखंच गडद दिसतं. पैसे देण्याआधी पन्हळी आणि उतरते नळ कचरा काढून मोकळे केले आहेत का, टाकीची जोडणी अजून तुटलेलीच आहे का, आणि पन्हळीत शिंगलच्या दाण्यांचा ढीग तर नाही ना, हे बघावं. दाण्यांचा ढीग सापडला तर दाब किती होता ते पुन्हा विचारायची गरज राहत नाही.